परळीचे पांढरे लोट आणि घरची वाफ

बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक वीज केंद्र चालू असले की रुंद मनोऱ्यांतून निघणारे पांढरे लोट दुरूनच दिसतात. मुले त्याला धूर म्हणतात, आपणही हो म्हणतो. पण तो धूर नव्हे, ते पाणी आहे. कोळशाचा धूर उंच चिमणीतून जातो.

पाणी अतिसूक्ष्म कणांचे बनलेले असते. बर्फात हे कण आपापल्या जागी बांधलेले असतात, तिथल्या तिथे थरथरतात. पाण्यात ते एकमेकांजवळच राहतात, पण सरकतात. म्हणून पाणी घागरीत घागरीचा आणि तांब्यात तांब्याचा आकार घेते. वाफेत ते सुटे होऊन चहूकडे धावतात. उष्णतेने कणच फुगतो अशी पुष्कळांची समजूत असते. तसे नाही. कण तेवढाच राहतो, दोन कणांमधले अंतर वाढते. त्यामुळे उकळत्या एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरांहून अधिक वाफ होते.

परळीत ही वाफ बॉयलरमध्ये कोंडून टर्बाइनच्या पात्यांवर सोडतात. धावत्या कणांच्या धक्क्यांनी चक्र फिरते, वीज निर्माण होते. नंतर तीच वाफ थंड करून पाणी बॉयलरला परत देतात. मात्र थंड करण्यासाठी लागणारे दुसरे पाणी मनोऱ्यांतून काही अंशी उडून जाते. ते सतत भरून काढावे लागते. २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळात पाणी आटले आणि केंद्र बंद ठेवावे लागले. नुसत्या कोळशाने वीज होत नाही. ज्या घराची चूल कंत्राटी रोजावर पेटते, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता आपल्या चुलीकडे पाहू. कुकरची शिट्टी झाली की तिच्या अगदी तोंडाशी काही दिसत नाही, पांढरे त्याच्या वर दिसते. खरी वाफ डोळ्यांना दिसतच नाही. पांढरे दिसतात ते थंड होऊन जमलेले थेंब. म्हणूनच वाफ फसवते. त्वचेवर तिचे पाणी होताना साठलेली उष्णता बाहेर पडते, आणि उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त भाजते. वाफ पूर्ण गेल्याशिवाय कुकर उघडू नये. भाजलेच तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे पाणी सोडावे. शाई, टूथपेस्ट लावू नये. मोठे भाजले असेल तर दवाखाना गाठावा.

मुलांनी परळीच्या लोटांविषयी पुन्हा विचारले, तर आधी त्यांना घरचा कुकर दाखवा. दुरून मात्र!