आधी ब्रीदर बघा

जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या मागे, इंजिनाच्या पुलीखाली तेलाचे थेंब दिसले की मिस्त्री म्हणतो, सील गेलं. पण त्या टोकाला सील नसतंच. तिथे तेल फेकणारी एक चकती असते आणि पुलीच्या मानेवर स्क्रूच्या आट्यांसारखी खाच कोरलेली असते. पुली फिरते तशी ती खाच बाहेर येऊ पाहणारं तेल परत आत ढकलते. इंजिनाच्या पोटात, म्हणजे क्रँककेसमध्ये, दाब वाढला नाही तोवर ही साधी युक्ती चोख चालते. दाब वाढला की तेल खाचेला जुमानत नाही. म्हणून पुलीपाशी तेल दिसलं तर पाना हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा: ब्रीदर, म्हणजे पोटातला दाब बाहेर सोडणारी वाट, मोकळा आहे का?

दाब येतो कुठून? पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळालेल्या वायूचा थोडा भाग त्यांना चुकवून खाली उतरतो. त्याला ब्लो-बाय म्हणतात. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात तो थोडा जास्तच असतो, कारण तिथे तापमान फार खालीवर होतं आणि त्यामुळे पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये सैल जागा जास्त ठेवावी लागते. या वायूत न जळलेलं पेट्रोल, आम्लं आणि भरपूर वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. ते बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडं तेलात येतं. इंजिन नीट तापलं तर ते उडून जातं. डिसेंबर-जानेवारीत उज्जैनला फ्रीगंजहून महाकाल मंदिरापर्यंत जाऊन लगेच परतलात, तर तेल तापतच नाही. मग ऑइल कॅपच्या आतल्या बाजूला साईसारखा पिवळट-पांढरा थर दिसतो. बीटलमध्ये थंड इंजिनाची हवा अडवून ते लवकर तापवणारा थर्मोस्टॅट आणि झडपा असतात. आपल्याकडे गरमीच फार, असं म्हणून अनेक जण त्या काढून टाकतात. काढू नयेत. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की त्या आपोआप पूर्ण उघड्याच राहतात, आणि हिवाळ्यात त्यांचा खरोखर उपयोग होतो.

ब्लो-बायशिवाय पिस्टनची हालचालही पोटातली हवा ढवळते. ३४६ सीसीच्या जुन्या बुलेटमध्ये एकच पिस्टन. तो खाली आला की तेवढीच हवा खाली दाबली जाते, वर गेला की ओढली जाते. म्हणून तिच्या ब्रीदरला बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप असते: दाबाखाली उघडते, ओढ लागली की मिटते. बीटलच्या चार सिलिंडरांत समोरासमोरची एक जोडी बाहेर जाते तेव्हा दुसरी आत येते, त्यामुळे पोटातली एकूण जागा जवळजवळ तेवढीच राहते. बाहेर काढायचा असतो तो मुख्यतः ब्लो-बायच. (टू-स्ट्रोक चेतकला हा प्रश्नच नव्हता. तिथे पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच सिलिंडरकडे जातं, त्यामुळे तो बंदच ठेवावा लागतो.)

आता हा वायू बाहेर काढायच्या वाटा कोणत्या? सगळ्यात जुनी म्हणजे गाडीखाली सोडलेली उघडी नळी. गाडी वेगात असताना खालून वाहणारी हवा नळीतून वायू ओढून घेते. वेग नसेल तर ओढ नाही. महाकालच्या परिसरात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला तिचा काही उपयोग नाही. शिवाय सगळी घाण हवेत जाते. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलांपासून क्रँककेसचा वायू परत इंजिनात जाळण्याची सोय आली, ती शहरांवर दाटणाऱ्या धुरक्यामुळेच.

कारखान्याने बीटलला पुढे जी रचना दिली ती मला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते. डायनॅमोच्या स्टँडवरच तेल भरायची मान असते. तिथून एक होज एअर क्लीनरला जातो आणि दुसरी नळी खाली, पत्र्याच्या पलीकडे उतरते. एअर क्लीनरची हलकी ओढ वायूला वर नेते आणि तो कार्ब्युरेटरमधून जाऊन जळतो. खालच्या नळीच्या टोकाला चिरलेल्या ओठांचं एक रबर असतं, त्यातून साचलेलं पाणी गळून जातं. वर ओढ असली की ते ओठ मिटतात, नाहीतर रस्त्याची धूळ आत खेचली जाईल. हे रबर काही वर्षांत कडक होतं, फाटतं किंवा चिखलाने बुजतं. बोटाने दाबून बघायला एक मिनिट लागतं.

आधुनिक गाड्यांसारखा पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसचा वायू बेताने सोडणारी झडप) बसवून होज थेट इनटेक मॅनिफोल्डला जोडावा, असाही सल्ला मिळतो. ओढ जोरदार मिळते हे खरं. पण त्या वाटेने आलेली हवा कार्ब्युरेटरच्या हिशोबात नसते. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर मिश्रण पातळ होतं, पातळ मिश्रण हेड तापवतं, आणि इथे उष्णता पोटात घ्यायला पाणी नाही. त्यातही जुन्या रचनेत ऑइल कूलर तिसऱ्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेत उभा असतो, त्यामुळे तो सिलिंडर मुळातच जास्त तापलेला. मूळ कार्ब्युरेटरच्या गाडीला हा उपाय मी सुचवणार नाही. सायलेन्सरच्या पाइपातून ओढ घेण्याची पद्धत शर्यतीच्या गाड्यांची, ती सोडूनच द्या.

इंजिन मोठ्या सिलिंडरांचं करून घेतलं असेल तर ब्लो-बाय वाढतो. मग दोन्ही टॅपेट कव्हरांपासून आणि तेलाच्या मानेपासून जाड होज काढून एका डब्यात आणतात. डब्यात आडवे पत्रे किंवा स्टीलची जाळी असते. तिच्यावर तेलाचे कण बसतात आणि वायू पुढे जातो. होजला चढ सलग हवा, मध्ये खोलगट झोळ पडला की तिथे तेल-पाणी साचून वाट बंद होते. बाजारातला पारदर्शक पाण्याचा पाइप उन्हाळ्यात मऊ पडून चपटा होतो, त्यामुळे तेलाला टिकणारा रबरी होजच घ्यावा.

पण डब्यावर छोटा फिल्टर लावून तोंड इंजिनाच्या खोलीतच उघडं सोडणं, हे हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात सगळ्यात वाईट. पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत त्याने फक्त वास येतो. इथे मात्र त्याच खोलीतली हवा पंखा ओढतो आणि सिलिंडरांच्या फिन्सवर फेकतो. तेलाची वाफ फिन्सवर बसते, तिच्यावर माळव्याच्या काळ्या मातीची धूळ चिकटते आणि फिन्समधल्या फटी भरत जातात. वरचा पत्रा काढल्याशिवाय हे दिसत नाही. गाडी मात्र उन्हाळ्यात इंदूर रस्त्यावर तापायला लागते आणि दोष कार्ब्युरेटरवर येतो. डब्याचं तोंड एअर क्लीनरलाच जोडा.

तपासणी घरीही होते. आधी होज काढून आरपार फुंकून बघा. मग इंजिन गरम करून मंद चालवा आणि ऑइल कॅप काढा. हलकी धडधड जाणवणं ठीक. सतत धुराचे लोट येत असतील तर रिंगा गेल्या आहेत, आणि कुठल्याही ब्रीदरने त्या परत येणार नाहीत. धूर नाही, होज मात्र बुजलेला, तर वीस मिनिटांचं काम आहे. या गाडीच्या तेलाच्या गळतीसाठी इंजिन खाली उतरवायला कुणी सांगितलं, तर त्याला आधी ब्रीदर उघडून दाखवायला सांगा.