कपाटाची किल्ली

बँकेच्या नोकरीत माझी अडतीस वर्षं गेली आणि त्यातली निम्मीअधिक किल्ल्या सांभाळण्यात गेली. बँकेची तिजोरी एका किल्लीनं उघडत नाही. एक किल्ली शाखाधिकाऱ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार हलायचं नाही. निवृत्तीनंतरही कित्येक दिवस घराबाहेर पडताना माझा हात आपसूक खिशाकडे जायचा. पण या सगळ्या किल्ल्यांपेक्षा एक जुनी किल्ली मला जास्त आठवते. ती माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या कपाटाची.

१९७४ साली मी नववीत होतो. तालुक्याच्या गावची शाळा. प्रयोगशाळा म्हणून एक खोली होती आणि त्या खोलीत काचेच्या दारांचं एक कपाट. आत चंचुपात्रं, विजेची घंटा, एक छोटी मोटर आणि काचेचा लोलक. वर्षातून एकदा, शाळातपासणीच्या आधी, कपाट उघडायचं. सर एकेक वस्तू उंच धरून दाखवायचे. आम्ही बाकांवर हाताची घडी घालून बघायचो. एकदा मधल्या सुट्टीत कपाट उघडं राहिलं आणि मी तो लोलक हातात घेतला. उन्हात धरून भिंतीवर सात रंग पाडायचे, एवढाच बेत होता. खिडकीपर्यंत पोचायच्या आधीच तो हातातून निसटला आणि त्याचा एक कोपरा उडाला.

छड्या खाल्ल्या त्याचं काही वाटलं नाही. पण वडिलांना शाळेत बोलावलं आणि त्यांनी लोलकाची किंमत दोन हप्त्यांत भरली. ते एका किराणा दुकानात दिवाणजी होते. घरी आल्यावर ते मला एक शब्दही बोलले नाहीत. पुढं मॅट्रिकनंतर शाखा निवडायची वेळ आली तेव्हा मी कॉमर्सच्या अर्जावर सही केली. ‘सायन्सला मोडतोड फार होते,’ असं मी आईला सांगितल्याचं आठवतं. तिला वाटलं, मी गंमत करतोय.

सरांचा राग मला बरोबर कळला तो मी स्वतः अधिकारी झाल्यावर. प्रत्येक शाळेत जडसंग्रह नोंदवही असते. आपण सगळे तिला डेड स्टॉक रजिस्टर म्हणतो. प्रत्येक वस्तू त्यात चढवायची, तिच्यावर क्रमांक घालायचा. तपासणीला येणारा माणूस वस्तू मोजतो आणि नोंदीशी ताडून बघतो. वस्तू कमी भरली तर खुलासा ज्याच्या ताब्यात ती होती त्याच्याकडे मागतात. वस्तू वर्षभरात किती वेळा वापरली, हा रकानाच त्या वहीत नाही. अशा वेळी शहाणा माणूस काय करील? कपाटाला कुलूप लावील. माझ्या सरांनी तेच केलं होतं. बँकेत नरसिंहम समितीच्या १९९१ च्या अहवालानंतर आम्ही नवा शब्द शिकलो: अनुत्पादक मालमत्ता. कागदावर आहे, पण त्यातून काही येत नाही. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा थकलेल्या कर्जखात्यांआधी ते काचेचं कपाट उभं राहिलं होतं.

आता अलीकडची गोष्ट. २०२२ साली आम्ही अकरा निवृत्त सहकाऱ्यांनी मिळून, जिथं आम्ही कधी काळी एकत्र काम केलं होतं त्या गावच्या माध्यमिक शाळेला विज्ञानाचं साहित्य द्यायचं ठरवलं. बेचाळीस हजार रुपये जमले. मोटरची, जनित्राची प्रतिकृती, भिंगं, लोलक, चुंबकं, विजेच्या प्रयोगांच्या पेट्या अशी खरेदी झाली. शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले, गोड जेवण झालं. वर्षभरानं त्या बाजूला गेलो असताना मी सहज शाळेत डोकावलो. मुख्याध्यापकांनी अगत्यानं प्रयोगशाळेत नेलं. कपाट होतं. कपाटाला कुलूप होतं. आत आमच्या पेट्या जशाच्या तशा, दुकानदाराची सुतळीसुद्धा सुटली नव्हती. प्रत्येकीवर लाल रंगात सुवाच्य क्रमांक मात्र होता.

मला राग आला आणि तो चेहऱ्यावर दिसला असावा. विज्ञानाच्या बाई, असतील पस्तिशीच्या, शांतपणे म्हणाल्या, “साहेब, रागावू नका. रजिस्टरवर ताबा माझ्या नावानं आहे. एखादी वस्तू मोडली, की निर्लेखनाचा प्रस्ताव करा, तो मंजूर होईपर्यंत ते तुकडे जपून ठेवा. आणि मोटर एक, मुलं बासष्ट. एकानं फिरवायची आणि एकसष्टांनी बघायची?”

मी गप्प बसलो. बाईंनी टेबलाखालून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात टॉर्चचे सेल, सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचे कापलेले रबरी पट्टे, फुटक्या स्पीकरमधली चुंबकं आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी होती. तार गावातल्या पंपाच्या मोटरी रिवाइंड करणाऱ्याकडची. “यातलं काहीच रजिस्टरवर नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणून हे रोज बाहेर निघतं. बसा, पुढचा तास दहावीचा आहे.”

दहावीच्या मुलांना विद्युत चलित्र, म्हणजे मोटर, अभ्यासाला असते. आकृती काढायची, भागांना नावं द्यायची, फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम लिहायचा. बाईंनी चार-चार मुलांचे गट केले आणि प्रत्येक गटाला एक सेल दिला. सेलच्या दोन्ही टोकांना रबरी पट्ट्यानं एकेक सेफ्टी पिन घट्ट बसवायची, पिनांची भोकं वर. सेलच्या पाठीवर मधोमध चुंबक. तारेचे दहाएक वेढे बोटांभोवती घेऊन वेटोळं करायचं, त्याची दोन टोकं दोन बाजूंना सरळ बाहेर काढायची आणि पिनांच्या भोकांत अडकवायची. या तारेवर वार्निशासारखा लेप असतो आणि त्यातून वीज जात नाही. म्हणून टोकांवरचा लेप ब्लेडनं खरवडायचा. मग बोटानं हलकासा धक्का द्यायचा.

तीन-चार गटांची वेटोळी भिरभिरू लागली. वर्गात एकच गलका झाला. खिडकीजवळच्या एका मुलीचं वेटोळं मात्र थरथरायचं, अर्धं वळायचं आणि थांबायचं. सेल बदलला, चुंबक उलटं ठेवलं, तरी तेच. ती रडवेली झाली. बाई तिच्याजवळ गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, “जिचं फिरतंय, तिची टोकं बघून ये.” मुलगी गेली, वाकून बघत राहिली आणि एकदम म्हणाली, “बाई, हिनं एक टोक अर्धंच खरवडलंय!”

सारी मेख तिथंच होती. वीज गेली की वेटोळं स्वतःच चुंबक होतं आणि खालचं चुंबक त्याला ढकलतं. पण अर्धा फेरा झाला, की तोच धक्का उलट्या दिशेनं बसू लागतो आणि वेटोळं मागे यायला बघतं. म्हणून एक टोक सगळं खरवडायचं आणि दुसरं फक्त एका बाजूनं. म्हणजे उलटा धक्का बसायच्या अर्ध्या फेऱ्यात वीजच तुटते, वेटोळं आपल्या वेगानं तेवढं अंतर पार करतं आणि पुढच्या धक्क्याला हजर होतं. पुस्तकातल्या आकृतीत मधोमध चिरलेलं कडं असतं, ते याच अडचणीवरचा आणखी चांगला उपाय आहे. ते वीज तोडून थांबत नाही, तिची दिशाच उलटवतं. ‘त्या कड्याचं कार्य लिहा’ या प्रश्नाचं उत्तर बासष्ट मुलांना त्या दिवशी बोटांतून कळलं. ज्या मुलीची मोटर बिघडली होती, तिला ते सर्वांत नीट कळलं, असं मला वाटलं. आणि बाईंनी सगळ्यांना बजावलं, की फिरत नसलेलं वेटोळं अडकवून ठेवायचं नाही, सेल तापतो.

ही युक्ती त्यांना कुठून मिळाली, असं मी विचारलं. “अरविंद गुप्तांची,” त्या म्हणाल्या. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता झालेले अरविंद गुप्ता पुण्याला टेल्कोत नोकरीला होते. १९७८ मध्ये ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तिथं १९७२ पासून सोळा शाळांतून विज्ञान शिकवण्याचा एक वेगळा प्रयोग चालू होता. मुलांनी आधी प्रयोग करायचा, मग निष्कर्ष लिहायचा. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायला परवानगी आणि हातानं प्रयोगही करून दाखवायचा. तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वट्यूबच्या तुकड्यांची जोडणी शोधली आणि भूमितीचे आकार मुलांच्या हातात आले. होशंगाबादचा तो कार्यक्रम पुढं जिल्हाभर पसरला. २००२ मध्ये सरकारनं तो बंद केला. गुप्ता नंतर पुण्याच्या ‘आयुका’तल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं मुलांना खेळणी करायला शिकवत होते. पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ सुनीताबाईंनी दिलेल्या देणगीतून ती वास्तू उभी राहिली, हे मराठी माणसानं लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०१८ मध्ये गुप्तांना पद्मश्री मिळाली.

ही कल्पना त्याहूनही जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अनेक देशांतल्या शाळा आणि प्रयोगशाळा जमीनदोस्त झाल्या. तिथल्या शिक्षकांसाठी जे. पी. स्टीफन्सन या इंग्रज शिक्षकाचं एक पुस्तक युनेस्कोनं १९४८ मध्ये काढलं. घरातल्या डब्या-बाटल्यांतून प्रयोग कसे करावेत, हे त्यात होतं. त्याचाच विस्तार होऊन १९५६ चा विज्ञानशिक्षकांचा मोठा ग्रंथ झाला. युद्धानं कपाटंच नाहीशी केली, तेव्हा शिक्षकांना टेबलाखालचा डबा सुचला, असं म्हणायचं.

पण म्हणून कपाट नकोच का? तसं मुळीच नाही. बाईंनी मला निक्षून सांगितलं, “साहेब, टाकाऊतून टिकाऊ हे आमच्या गळ्यात कायमचं बांधू नका. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी बघायला सूक्ष्मदर्शक खराच लागतो. तराजू नेमका लागतो. रसायनं बिस्किटाच्या डब्यात ठेवता येत नाहीत.” आता पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, फोनवर चित्रफिती आहेत. त्यांचा उपयोग आहेच. करोनाच्या काळात तर तोच आधार होता. पण चित्रफितीतली मोटर पहिल्या झटक्यात फिरते. खिडकीजवळच्या त्या मुलीची फिरली नाही, म्हणून तर तिनं टोकं तपासली.

परत येताना एसटीत मी हिशेब करत होतो. कर्ज बुडू शकतं हे बँक गृहीत धरते आणि त्यासाठी आधीच तरतूद करते. तरतूद केली नाही, तर कोणताही अधिकारी कर्जच देणार नाही. मग शाळेनं मोडतोडीची तरतूद का करू नये? आम्ही अकरा जणांनी पुन्हा वर्गणी काढली. या वेळी वस्तू घेतल्या नाहीत. मुदत ठेव केली आणि तिच्या व्याजाचं नाव ठेवलं ‘मोडतोड खातं’. शाळा समितीनं ठराव केला: आमच्या साहित्यातली वस्तू शिकताना मोडली, तर भरपाई या खात्यातून, शिक्षकाकडून किंवा मुलाकडून एक पैसाही घ्यायचा नाही. उरलेल्या पैशातून सेल, तार, चुंबकं. मुख्याध्यापक आधी कचरले. मग त्यांनी स्वतः कात्री आणून सुतळ्या कापल्या.

आज रविवार आहे. घरात शाळकरी मूल असेल, तर एक दोरा घ्या, त्याला जडसा खडा किंवा नट बांधा आणि टांगलेल्या जागेपासून खड्याच्या मध्यापर्यंत पंचवीस सेंटिमीटर लांबी ठेवून हलका झोका द्या. जाऊन परत आला की एक. असे साठ झोके मोजा आणि घड्याळ बघा; जवळजवळ बरोबर एक मिनिट भरेल. आता मुलाला विचारा, एका झोक्याला दोन सेकंद लागायचे तर दोरा किती लांब हवा? ते ‘दुप्पट’ म्हणेल. लगेच चूक म्हणू नका, करून बघू द्या. दोरा चौपट, म्हणजे एक मीटर लागतो, हे त्याचं त्याला सापडू द्या. आणि पुढच्या पालकसभेला मुलाच्या गुणांबरोबर आणखी एक विचारा: विज्ञानाचं कपाट या महिन्यात किती वेळा उघडलं?

गेल्या पावसाळ्यात बाईंचा फोन आला. मोडतोड खात्यावर पहिला खर्च पडला होता. आठवीतल्या एका मुलाच्या हातून लोलक पडला, कोपरा उडाला. मुलगा घाबरून शाळेतच येईना, म्हणून त्या स्वतः त्याच्या घरी जाऊन त्याला घेऊन आल्या. नवा लोलक मागवायचा का, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, जरूर मागवा. आणि मग न राहवून विचारलं, “बाई, त्या मोडक्या लोलकाचं काय केलंत?”

“काय करायचं? वापरतोय की. एक कोपरा गेला म्हणून काय झालं, रंग सातही पडतात.”

पन्नास वर्षं झाली. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.