जोड्या मोजणारं दशक

20 मे 2025 रोजी जयंत नारळीकर गेले. श्रद्धांजलीच्या लेखांत विज्ञानकथा आल्या, स्थिर स्थिती सिद्धांत आला. त्यांनी उभारलेल्या आयुका या संशोधन संस्थेत दीर्घिकांची मांडणी मोजण्याचं जे काम झालं, ते मी वाचलेल्या एकाही लेखात नव्हतं.

आधीची वर्षं झटपट उरकतो. 1950 च्या दशकात नेमन आणि एलिझाबेथ स्कॉट यांनी दीर्घिकांच्या पुंजक्यांचं संख्याशास्त्र मांडलं. पुढे पीबल्स यांनी जोड्यांचा हिशेब रुजवला. माझा जीव अडकलाय तो नव्वदच्या दशकात.

रीत सोपी होती. ठरावीक अंतरावरच्या दीर्घिकांच्या जोड्या मोजायच्या आणि तेवढ्याच आकाशात स्वैर विखुरलेल्या बिंदूंच्या जोड्यांशी ताडायच्या. 1993 मध्ये लँडी आणि सालाय यांनी सर्वेक्षणाच्या कडांमुळे शिरणारी चूक आवरणारं सूत्र दिलं. ते आजही वापरात आहे. इटलीचे पिएत्रोनेरो मात्र मुळावरच घाव घालत होते. विश्व फ्रॅक्टल असेल, म्हणजे कितीही मोठ्या अंतरावर पाहिलं तरी तसंच पुंजक्या-पुंजक्यांचं दिसत असेल, तर ज्या सरासरी घनतेशी तुम्ही तुलना करता तिला अर्थ काय? मोठी सर्वेक्षणं आली आणि तीसेक कोटी प्रकाशवर्षांपलीकडे विश्व एकसारखं दिसू लागलं. पिएत्रोनेरो हरले, पण प्रत्येकाला आपलं गृहीतक चव्हाट्यावर मांडायला लावून.

दुसरी अडचण आकारांची. 1986 च्या हार्वर्डच्या नकाशात दीर्घिकांच्या भिंती आणि पोकळ्या दिसल्या होत्या, पण जोड्यांचा हिशेब तंतोतंत जुळूनही चित्र निराळं असू शकतं. 1998 मध्ये आयुकाचे वरुण साहनी यांनी सत्यप्रकाश आणि शांडारिन यांच्यासह यावर मोजमाप सुचवलं: घनफळ, पृष्ठफळ आणि वक्रता यांच्या गुणोत्तरांतून रचनेची लांबी, रुंदी, जाडी काढायची. त्यावरचा माझा लेख एका संपादकानं ‘यात बातमी कुठंय?’ म्हणत परत केला होता.

2005 मध्ये जोड्यांच्या आलेखात सुमारे पन्नास कोटी प्रकाशवर्षांवर एक उंचवटा सापडला आणि सगळे त्याच्यामागे लागले. 2025 मध्ये डेसी या सर्वेक्षणानं दीड कोटीच्या आसपास दीर्घिका आणि क्वेसार वापरून तोच मोजला आणि त्यावरून विश्वाच्या प्रसरणाचा हिशेब मांडला; मथळे कृष्ण ऊर्जेचे झाले. आता तर सिम्युलेशनवर शिकवलेलं न्यूरल नेटवर्क नकाशा गिळून विश्वातल्या द्रव्याच्या प्रमाणासारखा आकडा थेट देतं. आकडा कदाचित अधिक नेमकाही असेल. पण पिएत्रोनेरोंना निदान बोट ठेवायला एक गृहीतक सापडलं होतं. या यंत्राशी भांडायचं, तर कशावर बोट ठेवायचं?