जमिनीचा व्यवहार आणि जाणता एजंट



जमीन घेणे किंवा विकणे हा प्रसंग शेतकऱ्याच्या आयुष्यात एखाद-दुसऱ्या वेळीच येतो. कधी मुलीचे लग्न, कधी दवाखाना, कधी बांधाशेजारचा तुकडा विकायला निघालेला असतो. आपण हा व्यवहार जन्मात दोनदा करतो, एजंट महिन्यात दोनदा करतो. तेव्हा त्याची मदत घेण्यात कमीपणा काही नाही. मात्र एजंट जाणता हवा. तो कसा ओळखावा, याविषयी सभासदांच्या माहितीसाठी आम्ही चार गोष्टी येथे देत आहोत.

प्रथम कायद्याचे पाहू. शहरात नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून देणाऱ्या एजंटाला २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणी करावीच लागते. आपल्या राज्यात २०१७ पासून हे काम महारेरा पाहते, आणि २०२३ साली एजंटांना प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची झाली. मुलासाठी पुण्यात फ्लॅट बघत असाल तर एजंटाचा नोंदणी क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. पण शेतजमिनीच्या एजंटाला असा परवाना लागत नाही. आज चौकात उभा राहिला की उद्या तो एजंट! म्हणून शेतजमिनीच्या बाबतीत पारख आपली आपल्यालाच करावी लागते.

अनुभव कशावरून मोजावा?

"मी वीस वर्षे या धंद्यात आहे" हे सांगणे सोपे असते. तुम्ही एवढेच विचारा, "मागच्या दोन-तीन वर्षांत पुरे झालेले चार व्यवहार सांगा." पुरा झाला म्हणजे खरेदीखत झाले एवढेच नव्हे. खरेदीखताची नोंदणी झाली की फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना पंधरा दिवसांची नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात आणि मग नवे नाव सातबाऱ्याला लागते. खरे भांडण उठते ते या पंधरा दिवसांत. बहीण हरकत घेते, चुलत्याचा अर्ज येतो. एजंट तोवर दलाली घेऊन मोकळा झालेला असतो. म्हणून सांगितलेल्या व्यवहारांचे गट नंबर घ्या, सातबारा व फेरफार काढून बघा, आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही भेटा. एकाच बाजूचे ऐकू नका.

तो आधी काय विचारतो?

कच्चा एजंट आधी दर विचारतो, जाणता एजंट आधी कागद मागतो. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार आणि मोजणीचा नकाशा बघितल्याशिवाय तो गिऱ्हाईक आणत नाही. त्याचे प्रश्न साधारण असे असतात :

जमीन भोगवटादार वर्ग १ ची की वर्ग २ ची? वर्ग २ असेल तर बहुधा सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. कुळकायद्याने मिळालेली आहे काय? इतर हक्कात बोजा किंवा पुनर्वसनाचा शेरा आहे काय? वारस किती? वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीपासून मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, तेव्हा बहिणींच्या सह्यांचे काय? क्षेत्र तुकडेबंदीत अडकते काय? घेणारा शेतकरी आहे काय?

हे प्रश्न ऐकून राग मानू नये. जो "ते बघू नंतर, आधी इसार घ्या" म्हणतो, त्याच्यापासून चार हात लांब राहावे.

ऊस उत्पादकांनी विशेष पाहावे असे

आपल्या भागातला एजंट नुसता जमिनीचा जाणकार असून भागत नाही, त्याला पाण्याचे आणि उसाचेही कळले पाहिजे. विहिरीतला हिस्सा, पाळीचे दिवस, पाइपलाइन, उपसा योजनेचे पाणी आणि गाडीवाट हे सारे खरेदीखतात स्पष्ट लिहिलेले हवे. पाणी नसेल तर बागायत दराने घेतलेली जमीन जिरायत होऊन बसते. रानात उभा ऊस असेल तर नोंद कोणाच्या नावावर राहणार, बिल कोणाला मिळणार आणि सोसायटीची वसुली कोणाच्या बिलातून होणार, हे साठेखतातच ठरवावे. सोसायटीच्या कर्जासाठी सभासदाने जमिनीवर बोजा लिहून दिलेला असतो. तो फिटेपर्यंत ती जमीन विकता येत नाही, असे १९६० च्या सहकार कायद्याचे कलम ४८ सांगते. कारखान्याचा शेअरही जमिनीबरोबर आपोआप जात नाही, त्याला वेगळी मंजुरी लागते.

आणखी एक. सगळीच जमीन विकायला निघालेल्या माणसाला चांगला एजंट थांबवतो. कारण सातबाऱ्यावरचे नाव गेले की पुढे शेतकरी म्हणून जमीन घेताना अडचण येते, आणि ती अडचण मुलांच्याही वाट्याला येते. स्वत:ची दलाली बुडवून असा सल्ला देणारा एजंट भेटला तर त्याला सोडू नका.

पैशाचा मामला

दलाली शेकडा किती, ती कोण देणार आणि कधी देणार, हे आधी कागदावर घ्यावे. वीस लाखांच्या व्यवहारात शेकडा दोन म्हणजे चाळीस हजार होतात, ही रक्कम थोडी नव्हे. त्यातला निम्मा भाग फेरफार मंजूर झाल्यावर देण्याचे ठरवावे म्हणजे एजंटही शेवटपर्यंत पाठीशी राहतो. काही ठिकाणी मालकाला एक दर आणि घेणाऱ्याला दुसरा दर सांगून मधले पैसे खिशात घालतात. त्यावर उपाय एकच : इसारापूर्वी दोन्ही पक्षांनी समोरासमोर बसून दर बोलावा.

इसाराची रक्कम एजंटाच्या हाती देऊ नका, ती मालकाच्या खात्यावर भरा. जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक इसार रोखीने घेण्यास २०१५ पासून आयकर कायद्याने बंदी आहे. आणि "तुम्हाला हेलपाटा नको" म्हणून कोणी कुलमुखत्यारपत्र मागितले तर वकिलाला दाखविल्याशिवाय सही करू नका. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे; तरी अशा कागदांवरून वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या चालतातच.

एजंट कितीही जाणता असला तरी तो वकील नव्हे. तीस वर्षांचा सर्च वकिलाकडून, मोजणी भूमी अभिलेख खात्याकडून आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हा खर्च टाळू नये. असा खर्च करायला एजंट स्वत:च सांगत असेल तर तो माणूस बहुधा खरा समजावा. व्यवहार आठ दिवस लांबला तरी चालेल, पण घरातल्या सर्वांना, विशेषत: बायका-मुलींना, शेजारी बसवून कागद मोठ्याने वाचून घ्यावा आणि मगच सही करावी.