बालचित्रपटांतील स्त्री-पुरुषभेद

बालकांच्या शिक्षणासाठी योजलेला ॲनिमेशनपट अक्षरे वा अंक शिकवीत असताना, पुरुषाने काय करावे आणि स्त्रीने काय सोसावे याचेही संस्कार नकळत करीत असतो, ही गोष्ट शिक्षकांनी व पालकांनी ध्यानात घेणे अगत्याचे आहे. डिस्नेच्या १९३७ मधील हिमगौरीच्या चित्रपटात जिवाच्या भीतीने पळालेली राजकन्या बुटक्यांच्या घरात शिरताच झाडलोट आरंभते, आणि हे काम तिचेच, असा ग्रह पाहणाऱ्या मुलाचा सहज होतो. याउलट युनिसेफने १९९० च्या दशकात दक्षिण आशियासाठी निर्मिलेल्या 'मीना' या मालिकेत, जिच्या घडणीत भारतीय ॲनिमेशनकार राम मोहन यांचा सहभाग होता, आंब्याचा मोठा वाटा मीनाच्या भावाला, राजूलाच का, असा रोकडा सवाल उभा राहतो. मग बहीणभाऊ एक दिवस कामांची अदलाबदल करतात, आणि मीनाची घरकामे उपसता उपसता राजू पुरता थकतो, तेव्हा वाटणीतला अन्याय उपदेशावाचून उमगतो. म्हणून चित्रपट संपल्यावर, निर्णय कोणी घेतला, कष्ट कोणी केले आणि श्रेय कोणाच्या पदरी पडले, हे प्रश्न वर्गात अवश्य विचारावेत; कारण असे विचारण्याची सवय जडलेले मूल पुढे पडद्यावरचे सारेच प्रमाण मानणार नाही.