जन्मजात हृदयदोष आणि जंतुसंसर्ग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हृदयाच्या आतल्या अस्तराला किंवा झडपांना होणाऱ्या जंतुसंसर्गाला ‘इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस’ म्हणतात. हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही. मात्र वेळेवर ओळखला न गेल्यास तो झडप नासवतो आणि जीवावरही बेततो.

हृदयाला ‘होल’ असलेल्या प्रत्येकाला सारखाच धोका असतो, ही समजूत चुकीची आहे. खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असेल, तर डावीकडचे रक्त जोरदार झोताने उजवीकडे जाते, झोत आदळतो तेथील अस्तर दुखावते, त्यावर प्लेटलेट व फायब्रिन यांचा थर साचतो आणि रक्तात आलेले जंतू त्या थरात ठाण मांडतात. वरच्या कप्प्यांमधील नेहमीच्या प्रकारच्या छिद्रातून मात्र रक्त कमी दाबाने वाहत असल्याने तेथे हा संसर्ग क्वचितच आढळतो.

‘ऑपरेशन झाले, आता काळजी मिटली’ हे विधानही अर्धसत्यच होय. छिद्र पूर्ण बुजले असल्यास सुमारे 6 महिन्यांत पॅचवर अस्तर चढते व धोका बराच उतरतो. परंतु पॅचच्या कडेने गळती राहिली असेल किंवा कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर सावधगिरी आयुष्यभर बाळगावी लागते.

दातांच्या उपचारांबाबत दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. पूर्वी बहुतेक हृदयदोषांत अशा उपचारांपूर्वी प्रतिजैविक दिले जाई. 2007 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने ते सर्वाधिक धोक्याच्या गटांपुरते मर्यादित केले. कृत्रिम झडप असलेले, पूर्वी हा संसर्ग होऊन गेलेले आणि अंग निळे पडणारा दोष दुरुस्त न झालेले रुग्ण या गटांत येतात. त्यामुळे सर्वांनी गोळी घेण्याची गरज नाही, आणि भीतीपोटी दंतवैद्याकडे जाणेच टाळणे तर अधिक घातक आहे. कारण हिरड्या सुजलेल्या असतील तर रोजच्या चावण्यातूनही जंतू रक्तात उतरतात. मिश्री आणि तंबाखू हिरड्यांची हानी करतात, म्हणून हृदयदोष असलेल्यांनी त्या कटाक्षाने सोडाव्यात.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज तापाविषयीचा आहे. अनेक दिवस रेंगाळणारा ताप, रात्रीचा घाम, घटते वजन अशी लक्षणे दिसताच मेडिकलमधून प्रतिजैविक आणून घेतले जाते. ताप तात्पुरता उतरतो, पण हृदयातील जंतू मरत नाहीत आणि रक्ताच्या कल्चरमध्ये त्यांचा मागही लागेनासा होतो. या कल्चरसाठी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी सुई टोचून रक्ताचे किमान 3 नमुने घेतात, आणि ते पहिल्या डोसाआधीच घ्यावे लागतात. एकदा निदान झाले की शिरेतून औषध साधारण 4 ते 6 आठवडे चालते, काहींना शस्त्रक्रियाही लागते.

छत्रपती संभाजीनगरमध्ये जळगाव रस्त्यावरील हर्सूलहून शहरातील घाटी, म्हणजेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, काही किलोमीटरवरच आहे. हृदयदोष असलेल्याचा ताप रेंगाळला, तर टूडी इकोचा जुना रिपोर्ट सोबत घेऊन, कोणतेही प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी तेथे किंवा हृदयरोगतज्ज्ञाकडे जावे.