काढण्याची मर्यादा

गळ्याच्या पुढील भागी, स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असलेल्या अवटू ग्रंथीचा, म्हणजे आज सर्वतोमुखी झालेल्या थायरॉईडचा, स्राव कोणत्याही नलिकेवाटे न वाहता थेट रक्तात मिसळतो आणि साऱ्या देहाच्या चयापचयावर अंमल चालवितो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकाला अवगत नव्हती. अवगत होता तो गलगंड. आल्प्सच्या ज्या मुलखात माती व पाणी आयोडीनला पारखे झालेले, तेथे तो गावोगाव आढळे. परंतु तो वाढून श्वास कोंडू लागला तरी त्यास शस्त्र लावावयास शस्त्रवैद्य सहसा धजत नसत, कारण रक्तवाहिन्यांनी वेढलेल्या या ग्रंथीला छेद देताच रक्तस्राव अनावर होई आणि त्यातून निभावलेला रोगी पुढे जखम दूषित होऊन दगावे. झुरिक येथे बिलरोथसारख्या निष्णाताचेही सुमारे ४० टक्के रोगी दगावले, तेव्हा त्याने हे काम काही वर्षे तहकूबच ठेवले.

१८७२ साली, वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी, बर्न येथे शस्त्रक्रियेचा प्राध्यापक झालेल्या थिओडोर कोखरने या चित्राचा कायापालट केला. रक्तवाहिनी आधी बांधावी व मगच कापावी, जंतुनाशनाचा दंडक कसोशीने पाळावा आणि घाईला मज्जाव असावा, एवढ्यावरच त्याची सारी मदार होती. आणि त्या बळावर, आरंभी शेकडा १३च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने एकाच्याही खाली आणले. शस्त्रक्रियागृहात आजही ‘कोखर’ या नावाने मागितला जाणारा दातेरी टोकाचा चिमटा त्याचाच.

परंतु याच कौशल्याच्या पोटी एक नवा रोग जन्मास आला. अवटू ग्रंथी समूळ काढलेल्या रोग्यांत पुढे विपरीत लक्षणे उद्भवतात, असे जिनिव्हाच्या रेव्हर्दँने १८८२ साली त्याच्या कानी घातले, तेव्हा कोखरने आपले जुने रोगी तपासणीस बोलावून घेतले. आणि संपूर्ण ग्रंथी गमावलेल्या ज्या १८ जणांना त्याने तपासले, त्यांपैकी १६ जणांचे चेहरे सुजलेले, हालचाली मंदावलेल्या, बुद्धी जड झालेली, आणि त्यांत जी मुले होती त्यांची वाढ खुंटलेली आढळली. १८८३ साली जर्मन शस्त्रवैद्यांच्या परिषदेपुढे हा सारा हिशेब त्याने स्वतःच मांडला आणि साध्या गलगंडात ग्रंथीचा काही अंश राखलाच पाहिजे असा दंडक घालून घेतला. निरुपयोगी वाटणाऱ्या ग्रंथीचे कार्य तिच्या अभावातून असे सिद्ध झाले, आणि त्या ग्रंथीवरील कार्याबद्दल १९०९ साली कोखरला नोबेल पारितोषिक लाभले.

विशेष असे की, बिलरोथच्या रोग्यांत ही जडता क्वचितच दिसे. त्यांना स्नायूंचे झटके येत. या भेदाचा उलगडा अमेरिकन शस्त्रवैद्य हॉल्स्टेडने केला तो असा की, कोखरचा संथ, नेटका हात अवटू ग्रंथी निःशेष काढी, पण तिच्या पाठीशी असलेल्या तांदळाएवढ्या चार परावटू ग्रंथींना धक्का लावीत नसे. उलट बिलरोथच्या त्वरित हातून अवटूचे तुकडे मागे राहत व रक्तातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या त्या चिमुकल्या ग्रंथी मात्र जात.

पुढे १८९१ साली न्यूकॅसलच्या मरेने मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचून एका रुग्ण स्त्रीची जडता हटविली, आणि ती १९१९ पर्यंत जगली. १९२२पासून स्वित्झर्लंडमध्ये आयोडीनयुक्त मिठाचा प्रसार झाला; आपल्याकडे १९५६पासून कांगडा खोऱ्यात रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाने त्याच मिठाची उपयुक्तता सिद्ध केली. गलगंडाचा मोठा भाग अशा रीतीने शस्त्रवैद्याच्या हातून स्वयंपाकघराकडे गेला.

कर्करोगासारख्या कारणांसाठी आज संपूर्ण ग्रंथी निर्धास्तपणे काढता येते, ती थायरॉक्सिनच्या रोजच्या गोळीने उणीव भरून निघते म्हणून. तथापि परावटूंची व आवाजाच्या मज्जातंतूची जागा कोणतीही गोळी घेऊ शकत नाही. म्हणून अशा शस्त्रक्रियेस संमती देणाऱ्या रोग्याने किती काढणार याच्या जोडीनेच काय राखणार, हेही आपल्या शस्त्रवैद्याला अवश्य विचारावे.